हॅपी संक्रांतीचं वाण

आमच्या घरात 'शुभ' हा शब्द चालत नसे. पप्पांनी तो हद्दपार केला होता. लग्नपत्रिका आली की ते आधी वरची ओळ वाचायचे आणि 'शुभविवाह' दिसलं की पत्रिका पालथी ठेवायचे. लग्नाला मात्र जायचे, आहेर करायचे, पोटभर जेवायचे. 'मंगल' चालायचं, कारण ते बुद्धवंदनेत होतं. 'शुभ' पंचांगातून आलेलं, म्हणून ते नको.

पप्पा साखर कारखान्यावर हंगामी कामगार होते. हंगाम संपला की जिथे सभा, जिथे जयंती, तिथे जमिनीवर कापड अंथरून ते पुस्तिका विकायला बसायचे. स्वस्त कागदाच्या, पिना मारलेल्या, खिशात मावतील अशा. न विकलेल्या पुस्तिका घरी यायच्या आणि मी त्या वाचायचे. बाराखडी शाळेत शिकले, पण वाचायला त्या पुस्तिकांनीच शिकवलं. सण का पाळू नयेत, नवस का बोलू नये, मुलीला का शिकवावं. वर एक प्रश्न, खाली ठणठणीत उत्तर. अजूनही माझं डोकं तसंच चालतं. प्रश्न काय, उत्तर काय, आणि आपण कोणत्या बाजूला, एवढं कळल्याशिवाय मला चैन पडत नाही.

'हॅपी' त्या पुस्तिकांत नव्हतं. ते नंतर आलं, मोबाईलमधून. पप्पांच्या फोनवर पहिल्यांदा 'हॅपी दिवाळी' आलं तेव्हा ते बराच वेळ पडद्याकडे बघत बसले. 'शुभ दीपावली' असतं तर काय करायचं ते त्यांना ठाऊक होतं. हे नवीन होतं.

"म्हंजी काय?" त्यांनी मला विचारलं.

"आनंदी दिवाळी."

"असं कुनी म्हनतं का?"

खरंच, असं कोणी म्हणत नाही. पप्पांनी उत्तर न देता फोन ठेवून दिला. पुढच्या वर्षी वस्तीतल्या पोरांनी चौकात फ्लेक्स लावला, त्यावर 'हॅपी जयंती' लिहिलेलं. पप्पा फ्लेक्सखाली उभे राहून पोरांना म्हणाले, "जयंती हॅपी नसती रं. जयंती जयंती असती." पोरं हसली. फ्लेक्स तसाच राहिला.

मी पुढे इंग्रजी घेऊन एम.ए. केलं आणि आता नेवाशाच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते. त्यामुळे या शब्दाकडे माझं थोडं जास्त लक्ष असतं. आमच्याकडे 'हॅपी' मनाची अवस्था सांगायला कोणी वापरत नाही. मन सांगायचं तर माणसं म्हणतात बरं वाटलं, गोड वाटलं, मजा आली, जीव थंड झाला. 'हॅपी' फक्त कशाच्या तरी आधी लागतं. हॅपी बर्थडे, हॅपी पोळा, हॅपी ईद, एकदा तर एका ट्रॅक्टरच्या नंबर प्लेटवर हॅपी ऊस. गाडीला बोनेटवर लिंबू-मिरची बांधावी तसं ते सणाच्या पुढे बांधलेलं असतं. मी विद्यार्थ्यांना सांगते, कोशात बघा. या शब्दाचा जुना अर्थ नशीबवान असा आहे. नशिबाने ज्याचं बरं चाललंय तो हॅपी. मुलं वहीत उतरून घेतात आणि बाहेर जाऊन एकमेकांना हॅपी बर्थडे म्हणतात.

थोडक्यात, हा शब्द पोकळ आहे, असं माझं ठाम मत झालं होतं. त्या मतावर मी एक छोटी पुस्तिका लिहायलाही घेतली होती. तेवढ्यात आमच्या गावच्या शाळेच्या मुख्याध्यापिका घरी आल्या.

आई त्याच जिल्हा परिषदेच्या शाळेत पोषण आहार शिजवते. पप्पा गेले त्याच्या आधीपासून. सुरुवातीला काही पोरं घरून डबा आणायची, आईच्या हातचं खायची नाहीत. त्यावर कुठे चर्चा झाली नाही, तक्रारही झाली नाही. खिचडी गरम असते आणि डबा गार, एवढ्या एका कारणाने डबे हळूहळू बंद झाले. आज सगळी शाळा आईला 'मावशी' म्हणते.

मॅडम नगरहून स्कूटीवर येतात. नव्या आहेत, उत्साही आहेत. ओट्यावर बसल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "मावशी, या वर्षी आपण हळदीकुंकू करायचंच नाही."

आई म्हणाली, "का वं म्याडम? दर वर्षी तर करतेत."

"म्हणजे करायचं, पण तसं म्हणायचं नाही. हळदीकुंकू म्हटलं की निम्म्या आया येत नाहीत. तुमच्या वस्तीतल्या नाहीत, मोमीन गल्लीतल्या नाहीत, ज्यांचे मालक गेलेत त्या तर नाहीतच. म्हणून आपण म्हणायचं 'हॅपी संक्रांत'. सगळ्यांनी यायचं." मग माझ्याकडे वळल्या. "तू आमंत्रणाचा छान फोटो करून दे ग्रुपवर टाकायला. तुझं इंग्रजी आहे."

मी म्हणाले, "मॅडम, सगळ्यांना बोलवायचं तर कार्यक्रम बदला. नाव बदलून काय होणार?"

"अगं, हॅपी म्हणजे हॅपी. त्यात कोणाला काय अडचण?"

"हॅपीचा जुना अर्थ नशीबवान असा आहे. नशीबवान बाई म्हणजे आपल्याकडे कोण? सौभाग्यवती. म्हणजे फिरून तिथेच आलात."

मॅडम आईकडे बघून हसल्या. "मावशी, ही फार वाचते."

"बापावर गेलीय," आई म्हणाली. "मी येनार म्याडम. पन च्या मी न्हाई करनार त्या दिशी."

दर वर्षी हळदीकुंकवाचा चहा आईच करायची. शाळेमागच्या शेडमध्ये चूल आहे. समोर पटांगणात बायका उखाणे घ्यायच्या आणि आई शेडच्या दारातून ऐकायची. हे मला माहीत होतं, पण तिला त्यात काही हवं आहे हे माहीत नव्हतं.

मॅडम गेल्यावर आमचं भांडण झालं. मी पप्पांचं सगळं बाहेर काढलं. संक्रांत आपली नाही. कुंकू आपलं नाही. नवरा जिवंत असल्याबद्दल बाईला बक्षीस वाटायचा तो कार्यक्रम, त्यावर इंग्रजी चादर टाकली म्हणून खालची खाट बदलत नाही. तुला तिथे बोलावतायत ते त्यांची सोय म्हणून. फोटोत सगळ्या दिसाव्यात म्हणून.

आई कांदा निवडत होती. आमच्या भागात बायका बोलताना कांदा निवडतात. ती म्हणाली, "झालं का तुजं?"

"झालं."

"मी त्या समद्यांच्या पोरान्ला रोज खायाला घालते. त्यांच्या आया खुर्चीवर बसनार आन् मी चुलीपाशी. मला एक दिस खुर्चीवर बसायचंय. त्याला तू काय नाव ठिवायचं ते ठिव."

मी फोटो करून दिला नाही. मॅडमनी शाळेच्या फाटकाजवळच्या फळ्यावर रंगीत खडूने स्वतःच लिहिलं: हॅपी संक्रांत. सर्व माता-भगिनींचे स्वागत. शेजारी एक पतंग काढला.

मी कार्यक्रमाला गेले ती आईवर लक्ष ठेवायला. तिचा अपमान झाला तर उठून बोलायचं आणि तिला घेऊन निघायचं, अशी तयारी करून गेले होते. काय बोलायचं तेही मनात जुळवलं होतं.

पटांगणात प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. मागच्या रस्त्यावरून उसाच्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टर चालले होते, मधूनमधून माईकचा आवाज त्यात बुडायचा. आई जांभळी साडी नेसून दुसऱ्या रांगेत बसली, खुर्चीच्या कडेवर, कोणी हाक मारली तर लगेच उठता यावं अशी. तिच्या शेजारी मोमीन गल्लीतल्या भाभी होत्या. त्या शिवणकाम करतात, गावातले निम्मे ब्लाउज त्यांच्या हातचे. त्यांची दोन पोरं शाळेत आहेत.

"नीट बस की गं," भाभी आईला म्हणाल्या. "खुर्ची काय भाड्याची हाय का?"

"भाड्याचीच हाय."

"मंग तर पूरीच वापर."

आई हसली आणि मागे टेकून बसली. मागच्या रांगेत नवरा गेलेल्या तीन-चार बायका होत्या, त्या नातवंडांच्या आज्या म्हणून आलेल्या. पहिल्या रांगेत थोरल्या काकी. त्या कोणाच्याही सख्ख्या काकी नाहीत, सगळं गाव त्यांना काकी म्हणतं. गावात कुठल्या कार्यक्रमाला काय रीत, हे त्यांना विचारूनच ठरतं. मोठं ठसठशीत कुंकू, नाकात नथ, हातात मोबाईल.

खेळ झाले, भाषण झालं. मॅडमनी आपण सगळ्या एक आहोत असं सांगितलं. मग एक तरुण शिक्षिका तबक घेऊन आली. त्यात हळदीची वाटी होती, कुंकवाची वाटी होती, तिळगूळ होता. तिच्यामागे दुसरी शिक्षिका मोठी पिशवी घेऊन. पिशवीत वाण होतं, स्टीलच्या छोट्या वाट्या.

मी मनात म्हटलं, बघा. चादर सरकली.

तबक पहिल्या रांगेतून सरळ गेलं. हळद, कुंकू, तिळगूळ, वाटी. दुसऱ्या रांगेत आईपाशी आलं आणि थांबलं. त्या पोरीच्या बोटाला कुंकू लागलेलं होतं आणि ते बोट कुठे न्यायचं हे तिला कळेना. आईच्या कपाळावर काही नव्हतं. पप्पा असतानाही नसायचं. पोरीने आईला तिळगूळ दिला, अगदी मनापासून हसली आणि पुढे सरकली. मागची पिशवीवाली तिच्यामागे सरकली. कोणी वाईट बोललं नाही. कोणी तोंड वाकडं केलं नाही. पाणी दगडाला वळसा घालून जातं तसं ते दोघींना, आईला आणि भाभींना, वळसा घालून गेलं.

मी उठणार होते. त्याआधी आई बोलली.

"ए पोरी. मला कुकू नगं. वान दे."

पिशवीवाली थांबली. तिने मॅडमकडे पाहिलं. मॅडम माईकपाशी होत्या, त्यांना अर्धंच ऐकू आलं. पण काकींना सगळं ऐकू आलं. त्या खुर्चीतच मागे वळल्या.

"अगं, कुकवाबिगर वान कसं देत्यात? ते काय शाळेचं बक्षीस हाय का?"

"मंग हॅपी कशाला लिव्हलंय?" आई म्हणाली.

"त्येचा काय संबंध?"

"काकी, हळदीकुकू लिव्हलं असतं तर मी आलेच नसते. दर साली चुलीपाशी असती, अवंदा बी असती. म्याडमनी हॅपी लिव्हलं. मी ते वाचून आले. आता मला म्हनताय कुकू लाव, मंगच वान. मंग ते पुसा आन् हळदीकुकू लिव्हा, मी उठते."

ती हे भांडणाच्या सुरात बोलत नव्हती. दुकानदाराला पिशवी दाखवून 'यावर हा भाव छापलाय' म्हणावं, तसं बोलत होती.

मला तिथे आठवण करून द्यावीशी वाटली की फळ्यावर 'सर्व' असंही लिहिलंय. मग वाटलं, नको. 'सर्व' प्रत्येक आमंत्रणात असतं, त्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. 'हॅपी'ने अजून कोणाला फसवलेलं नव्हतं. त्याचा काय नियम, ते कोणालाच ठाऊक नव्हतं, काकींनाही नाही. पोकळ शब्द असं मी ज्याला म्हणत होते, त्या पोकळीत आई खुर्ची टाकून बसली होती.

मॅडम धावत आल्या. "द्या ना, द्या मावशींना. त्यात काय! भाभींना पण द्या."

"आमच्यात कुकू न्हाई," भाभी म्हणाल्या, "पन वाटी चालती."

बायका हसल्या. पिशवीवालीने आईला वाटी दिली, भाभींना दिली. मग मागच्या रांगेतली एक आजी, अगदी हळू, कोणाला ऐकू आलं नाही तरी चालेल अशा आवाजात म्हणाली, "आमाला बी हाय का?"

पिशवीवाली पोरगी पिशवीत हात घालून उभी राहिली आणि हात तसाच रिकामा बाहेर आला. मॅडमचा चेहरा उतरला. वाट्या आणताना त्यांनी दर वर्षीच्या हिशेबानेच आणल्या होत्या. फळ्यावर सगळ्या आल्या होत्या, पिशवीत फक्त सवाष्णी आल्या होत्या.

मला वाटलं, आता मॅडम माफी मागतील आणि कार्यक्रम संपेल. पण त्या म्हणाल्या, "कोणी जायचं नाही," आणि एका गुरुजींना मोटारसायकलवर घोडेगावला पिटाळलं. "वाट्याच पाहिजेत असं नाही. जे मिळेल ते आणा, पण आणा."

गुरुजी येईपर्यंत चहाचा प्रश्न आला. आईने चहा करायचा नाही असं ठरलं होतं, म्हणून हॉटेलातून किटली मागवली होती, ती कधीच संपली होती. आई सवयीने उठायला लागली. भाभींनी तिचा पदर धरून खाली बसवलं. शेवटी मॅडम आणि ती तबकवाली पोरगी शेडमध्ये गेल्या आणि चूल पेटवताना धुरात खोकायला लागल्या. आई खुर्चीवरून ओरडली, "खालून फुका, खालून!"

काकी या सगळ्या वेळात हातातली वाटी उलटीसुलटी करत होत्या. मग त्यांनी खुर्ची आईकडे वळवली.

"हे हॅपी लिव्हलंय, ते तुमच्यातल्यांसाठी हाय का समद्यांसाठी?"

"समद्यांसाठी."

"म्हंजी आमच्यातली जरी असली, मालक गेलेली, तरी?"

"मागं बसल्यात की त्या. त्यांच्यासाठीच तर गुरुजी गेलेत."

काकींनी मागे वळून त्या आज्यांकडे पाहिलं. रोज दिसणाऱ्याच बायका होत्या. मग त्या म्हणाल्या, "मंग ठीक हाय."

गुरुजी आले. वाट्या मिळाल्या नव्हत्या. त्यांनी चहाच्या गाळण्या आणल्या होत्या, लाल-हिरव्या प्लॅस्टिकच्या, एका दोरीत ओवलेल्या. तबक आता बाजूला राहिलं. पोरगी नुसता तिळगूळ आणि गाळणी देत निघाली.

"घ्या," भाभी म्हणाल्या, "सवाशीनींचं हॅपी स्टीलचं, बाकीच्यांचं प्लास्टिकचं."

या वेळी हसताना बायकांना थोडं जड गेलं. मॅडम तर हसल्याच नाहीत. आई उठली, आपली वाटी पिशवीवालीच्या हातात दिली आणि दोरीतून एक हिरवी गाळणी ओढून घेतली.

पप्पा असते तर त्यांनी यावर सभेत भाषण केलं असतं. मी तिच्या कानाशी वाकून म्हणाले, "आई, बरं केलंस. त्यांच्या बाजूला उभी राहिलीस."

"बाजूला कशाची? घरात वाट्या लई हायत. गाळनी फाटलीय, तुला दिसती का कदी?"

आईने परत केलेली वाटी पिशवीवालीने मागच्या आजीला दिली. आजीने गाळणीही ठेवून घेतली.

तेवढ्यात काकी खुर्चीतून उठल्या, दोन पावलं बाजूला गेल्या आणि मोबाईल कानाला लावला. त्या फोनवर नेहमी ओरडूनच बोलतात, त्यामुळे पटांगणाला सगळं ऐकू आलं. पलीकडे त्यांची धाकटी जाऊ होती. दीर अपघातात गेले तेव्हा ती माझ्याएवढी असेल. तेव्हापासून संक्रांतीच्या दिवसांत ती कोणाच्या दारात गेलेली मी पाहिली नव्हती. तिचा मुलगा याच शाळेत चौथीत आहे.

"शाळेत ये... आत्ता ये... न्हाई, हळदीकुकू न्हाई गं. हॅपी हाय, हॅपी... हॅपी म्हंजी..." काकी थांबल्या. त्यांनी आमच्याकडे पाहिलं. मी तोंड उघडलं, कोशातलं सगळं माझ्या जिभेवर होतं. पण त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, आईकडे बघत होत्या. आईने हातातली गाळणी वर करून दाखवली.

"हॅपी म्हंजी कुकू न्हाई, वान हाय," काकी फोनमध्ये ओरडल्या. "आन् बसायला खुर्ची हाय. कोन काय म्हनतंय? मी हितंच बसलीय की. ये तू."

मी घरी जाऊन ती अर्धवट पुस्तिका काढली. वरचा प्रश्न 'हॅपी म्हणजे काय?' असाच होता. त्याखालचं माझं उत्तर मी खोडलं आणि काकींचं लिहिलं. पण ते संध्याकाळी. त्याआधी पटांगणात आम्ही सगळ्या वाट बघत बसलो होतो. मॅडमचा चहा आला, पाण्यासारखा, तरी सगळ्यांनी घेतला. चूल सोडून आलेल्या मॅडमच्या कपाळावर काजळी लागली होती, ते कोणी सांगितलं नाही.

काकींची जाऊ आली. घरातल्याच साडीवर, पदर डोक्यावरून, पोराचा हात धरून. फळ्यापाशी थांबली, वाचलं. मग देवळात शिरताना काढावी तशी फाटकातच वाकून चप्पल काढायला लागली.

"अगं, चपला घालून ये!" काकी ओरडल्या. "काटं हायत हितं!"